दोन मिनिटं पडदा, बाकीचा तास मुलांचा

जून जवळ आला की पुण्यातल्या शाळांकडे मदत देऊ करणाऱ्यांची रीघ लागते. हिंजवडीतली एखादी कंपनी स्मार्ट बोर्ड देते. दहावीची जुनी तुकडी पंचवीस वर्षांनी भेटते आणि वर्गणी काढून प्रोजेक्टर द्यायचं ठरवते. एखादं गणेश मंडळ टॅब घेऊन देतं. फीत कापली जाते, फोटो निघतात. देणाऱ्यांच्या मनात मुलांविषयी कळकळ असते, याबद्दल मला जराही शंका नाही. म्हणूनच हे आवाहन त्यांना आहे. ती वस्तू स्वीकारणाऱ्या मुख्याध्यापकांना आहे आणि त्या वर्गात ज्यांची मुलं बसतात त्या आईवडिलांनाही आहे. वस्तू शाळेत येण्याआधी एक प्रश्न विचारा: पडदा बंद झाल्यावर मूल काय करणार आहे? शाळेकडे याचं उत्तर तयार असेल तर खुशाल घ्या. नसेल तर थांबा.

या प्रश्नाचं चांगलं उत्तर पुण्यातच मिळालेलं आहे. विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीचा हात लागून तिथे २००४ मध्ये मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. अरविंद गुप्ता यांनी तिथे बरीच वर्षं काम केलं. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं, आइस्क्रीमच्या काड्या यांतून विज्ञानाची खेळणी बनवायला शिकवत राहिला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या खेळण्यांच्या शेकडो छोट्या फिती केल्या आणि इंटरनेटवर फुकट ठेवल्या. त्या अनेक भाषांत आहेत, मराठीतही आहेत.

त्यांची मोटारीची फीत घ्या. सामान एवढंच: टॉर्चचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, रबराची पट्टी, एक चुंबक आणि मोटार वाइंडिंगवाल्याकडे मिळते ती रोगणाचा थर असलेली तांब्याची तार. तारेचे काही वेढे घेऊन कडं करायचं, दोन्ही टोकं सरळ बाहेर काढायची. मग ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं टोकांवरचा थर खरवडायचा. एका टोकाचा सगळीकडून, दुसऱ्या टोकाचा मात्र अर्ध्याच बाजूनं. सेलच्या दोन्ही बाजूंना रबरानं पिना अडकवायच्या, पिनांच्या छिद्रांत टोकं घालायची, खाली चुंबक ठेवायचं आणि कड्याला हलकी टिचकी मारायची. कडं गरगर फिरू लागतं.

फीत बघायला दोन-तीन मिनिटं पुरतात. तास पस्तीस मिनिटांचा असतो. उरलेल्या तीस मिनिटांत शिक्षण होतं, आणि ते कसं होतं ते नीट बघण्यासारखं आहे. वर्गात दहा गट असतील तर पहिल्या फटक्यात दोघा-तिघांचीच मोटार फिरते. एकीचं कडं वाकडं झालेलं असतं, त्यामुळे ते एका बाजूला झुकून राहतं. एकानं थर पुरेसा खरवडलेलाच नसतो, म्हणून वीजच जात नाही. आणि एक मुलगा हमखास असा निघतो की त्यानं दोन्ही टोकं चारी बाजूंनी लखलखीत घासून काढलेली असतात. त्याचं कडं अर्धा फेरा घेतं, परत फिरतं, डुलतं आणि थांबतं. सेल गरम होतो. तो बाईंकडे येऊन म्हणतो, “मी तर जास्त चांगलं घासलं!” आता बाईंनी सांगायचं असतं, किंवा त्याच्याकडूनच काढून घ्यायचं असतं, की वीज सतत वाहत राहिली तर दुसऱ्या अर्ध्या फेऱ्यात चुंबकाचा जोर कड्याला उलट ढकलतो. अर्धा फेरा वीज बंद राहावी यासाठीच अर्ध्या बाजूचा थर ठेवायचा असतो. हे त्या मुलाला जन्मभर विसरता येणार नाही.

पडद्यावरची मोटार नेहमी फिरते. वर्गातली फिरत नाही, आणि शिकण्याची सुरुवात न फिरणाऱ्या मोटारीपासून होते. प्रत्येकाची मोटार आपापल्या कारणानं अडते. ते कारण शोधायला शेजारी बाई किंवा सर उभे असावे लागतात. म्हणून तंत्रज्ञानावर खर्च करायचा झाला तर तो शिक्षकाला मुलाजवळ उभं राहायला वेळ मिळवून देणारा असावा, असं माझं ठाम मत आहे. शिक्षकाला कोपऱ्यात खुर्चीवर बसवून तासभर व्हिडिओ चालवणारी व्यवस्था कितीही महाग असली तरी ती शाळेच्या कामाची नाही.

याच शहरात दुसरा धडाही आहे, आणि तो वाईट वाटायला लावणारा आहे. सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीच्या शेजारी १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. इन्सॅट उपग्रहाच्या जोरावर शाळकरी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करायचे आणि दूरदर्शनवरून दाखवायचे, हे तिचं काम. त्या काळी मराठी मुलांसाठी असा स्टुडिओ, असे तंत्रज्ञ असणं मोठी गोष्ट होती. चाळिशी-पन्नाशीतल्या कित्येक वाचकांना ते कार्यक्रम आठवत असतील. पण प्रसारणाची वेळ आणि शाळेचं वेळापत्रक जुळायला हवं, त्या वेळी वीज हवी, संच चालू हवा. शिक्षकाला तो कार्यक्रम मध्येच थांबवता येत नव्हता की पुन्हा दाखवता येत नव्हता. पुढे पैशाचा ओघ आटत गेला आणि २०१७ मध्ये संस्था बंद करण्यात आली. एवढी वर्षं साठवलेलं कसब, माणसं, चित्रफिती हे सगळं एका निर्णयानं थांबलं. यंत्र विकत घेणं सोपं असतं. ते चालवणारी माणसं आणि दरवर्षी लागणारा पैसा सांभाळणं अवघड असतं, आणि आपण तिथेच कमी पडतो.

लहान प्रमाणावर हेच आपल्या शाळांत घडत असतं. प्रोजेक्टरचा दिवा जातो, नवा घ्यायला तरतूद नसते. टॅबची बॅटरी फुगते. स्मार्ट बोर्डमधल्या अभ्यासक्रमाचं वर्गणीशुल्क पहिल्या वर्षी कंपनी भरते, दुसऱ्या वर्षी कुणीच भरत नाही. तोवर पाठ्यपुस्तक बदललेलं असतं. युनेस्कोनं जुलै २०२३ मध्ये शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर जगभराचा आढावा घेणारा अहवाल काढला. त्यात म्हटलं आहे की अशी उत्पादनं सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. त्याच अहवालात पेरू देशाचं उदाहरण आहे. तिथे दहा लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले, पण शिकवण्याच्या पद्धतीत ते कुठे बसवायचे हे ठरवलं नाही. मुलांच्या शिकण्यात सुधारणा झाली नाही. पेरूनं जे केलं ते आपण वर्गणी काढून करू नये.

मग तंत्रज्ञान नकोच का? हवं, नक्की हवं. काही गोष्टी फळ्यावर होतच नाहीत. हृदयाच्या झडपा कशा उघडझाप करतात, ग्रहणाच्या वेळी सावली पृथ्वीवरून कशी सरकते, वायूचे रेणू तापल्यावर कसे सैरावैरा पळतात, हे खडूनं दाखवताना चांगल्या शिक्षकाचीही दमछाक होते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातले प्रयोग पडद्यावर मुलांना स्वतः हलवून बघता येतात, फुकट आहेत आणि मराठीतही मिळतात. जे हातात घेता येत नाही तिथे हे वापरा. तारेचं कडं हातात घेता येतं, तिथे तारच द्या.

आणि शिक्षकाला स्वतःला अडचण जाणवली, त्यानं उपाय शोधला, की तंत्रज्ञान कसं रुजतं याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले शिकवत होते. पुस्तकातली भाषा आणि मुलांच्या घरची भाषा यांत अंतर होतं. त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, त्यातून मुलांना कविता, गोष्टी, पाठ ऐकता-बघता येऊ लागले. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. तुमच्या मुलाच्या बालभारतीच्या पुस्तकात तो काळा-पांढरा चौकोन असतो. आज संध्याकाळी त्याच्यासोबत बसून एकदा तरी तो उघडून बघा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन शिक्षकाच्या खिशातच असतं. पर्वती पायथ्याजवळच्या एका शाळेत मी दुसरीचा वर्ग पाहिला. बाईंचा फोन जुना, काचेला तडा गेलेला. त्या एका मुलाला जवळ घेत, चार ओळी मोठ्यानं वाचायला लावत, त्या रेकॉर्ड करत आणि लगेच त्याच्या कानाशी धरून त्यालाच ऐकवत. एक मुलगा ‘स्वच्छ’पाशी अडखळला होता, ‘सवचछ’ असं काहीतरी म्हणून पुढे निघून गेला होता. स्वतःचा आवाज ऐकताना तो तिथे आला आणि दचकला. पुस्तकातल्या त्या शब्दावर त्यानं बोट ठेवलं, ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं आणि “बाई, परत” म्हणाला. बाईंनी चूक दाखवली नव्हती, त्यानंच शोधली होती. महिन्याभरापूर्वीचं त्याचं वाचनही बाईंच्या फोनमध्ये होतं. पालकसभेत त्याच्या आईला दोन्ही ऐकवली तर प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा तिला जास्त कळेल. या सगळ्याला एक रुपयाही लागला नाही. वाचन ऐकून मदत करणारी ‘रीड अलाँग’सारखी ॲपही मराठीत आहेत. पण आधी बाईंचा हा साधा उपाय करून पाहावा.

भूगोलाच्या शिक्षकांना आणखी एक सुचवतो. कात्रजकडून येऊन पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल असा मुठेला मिळणारा आंबिल ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री घराघरांत शिरला. माणसं गेली. त्या पट्ट्यातल्या शाळांमधल्या मुलांच्या घरी ती रात्र अजून बोलली जाते. उपग्रहाचे जुने आणि नवे फोटो इंटरनेटवर फुकट बघता येतात. सहावी-सातवीच्या वर्गात आधी तो ओढा फोटोवर शोधायला लावा. कुठे रुंद आहे, कुठे अरुंद होतो, कुठे दिसेनासा होतो, काठावर पूर्वी काय होतं आणि आता काय आहे, हे मुलांना वहीत काढू द्या. मग पालकांना सोबत घेऊन कोरड्या दिवसात काठाकाठानं चालून या, पुलाखालची उंची मोजा, आजी-आजोबांना विचारा पाणी कुठवर आलं होतं. परत आल्यावर नकाशा दुरुस्त करा. पाणलोट, उतार, अतिक्रमण हे शब्द मग पाठ करावे लागत नाहीत. कोथरूडच्या किंवा येरवड्याच्या मुलांना त्यांचा नाला, त्यांची नदी मिळेल.

जिथे तंत्रज्ञानाला पर्यायच नाही तिथे मात्र एक दिवसही दिरंगाई करू नये. ज्याला दिसत नाही त्या मुलाला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’ ही संगणकप्रणाली २००६ पासून फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनीच ती बनवली. मराठी मजकूरही ती वाचते. ज्याला ऐकू कमी येतं त्याला पडद्यावर अक्षरं उमटलेली हवीत, ज्याला पेन धरता येत नाही त्याला बोलून लिहिता यायला हवं. देणगीदारांनो, तुमच्या परिसरातल्या साध्या शाळेत असं एखादं मूल असेल तर पहिला लॅपटॉप त्याला द्या. पंचेचाळीस मुलांना एक मोठा पडदा देण्यापेक्षा त्या एकाला दिलेल्या यंत्रानं जास्त फरक पडतो.

आता घराकडे वळू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काय झालं हे आपण सगळ्यांनी पाहिलं. घरात फोन एक, तो वडिलांसोबत कामावर, आणि मुलं तीन. त्या काळात पुण्याच्या एमकेसीएलनं केलेली ‘टिलीमिली’ ही मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर आली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, घरातल्याच वस्तू घेऊन करायचे उपक्रम. इंटरनेट लागत नव्हतं, टीव्ही पुरे होता. संकटातही कुणीतरी विचार केला होता की पडद्यासमोरच्या मुलाचे हात रिकामे राहू नयेत.

शाळा उघडल्या, पण गृहपाठ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच राहिला. शिक्षकांना विनंती आहे, गृहपाठ फळ्यावर लिहा आणि मुलांना वहीत उतरवून घेऊ द्या. रात्री नऊ वाजता ग्रुपवर टाकलेला फोटो धुणीभांडी करून परतलेल्या आईला बघायचा असतो, आणि त्यासाठी मुलाच्या हातात फोन द्यावा लागतो. तो मग गृहपाठापुरता राहत नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालासाठीच्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरलेले ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेले ७६ टक्के. शहरात चित्र वेगळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. मुलांना फोन शिकवायची गरज नाही, तो त्यांना येतो. फोन खाली ठेवून एक पान लिहिण्याची सवय त्यांना आपण लावायची आहे.

निबंध चॅटजीपीटीकडून लिहून आणण्याचा प्रकार आता आठवी-नववीत सर्रास दिसतो. याचा बंदोबस्त पकडापकडीनं होणार नाही. पहिला मसुदा वर्गातच, हातानं लिहून घ्या. विषय मुलाच्या गल्लीचा, घरचा द्या. शिक्षकांनी मात्र ही साधनं बेलाशक वापरावीत: मंडईतल्या भावांवर शाब्दिक उदाहरणं तयार करायला, एकच उतारा कच्च्या वाचकासाठी सोपा करून घ्यायला. फक्त वर्गात नेण्याआधी ओळ न ओळ वाचा. या यंत्रांचं मराठी अजून जागोजागी चुकतं आणि चुकीची माहितीही ती ठासून सांगतात. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या नियमांनुसारही तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावं. आणि शाळेनं कुठलंही ॲप घ्यायला सांगितलं तर ते मुलाचं नाव, फोटो, मार्क घेऊन काय करतं हे विचारा. २०२३ च्या विदासंरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. ही संमती म्हणजे न वाचता दाबायचं बटण नव्हे.

शिक्षकांच्या बाजूनंही एक बोलायला हवं. तंत्रज्ञानाच्या नावाखाली त्यांच्या वाट्याला सगळ्यात जास्त काय आलं असेल, तर लिंक भरणं. ही माहिती ऑनलाइन भरा, त्या कार्यक्रमाचे फोटो अपलोड करा, आजच्या आज. ज्या फोननं मुलाचं वाचन ऐकता आलं असतं तो फोन अहवालात गुंततो. नेमून दिलेल्या माहितीपलीकडचे फोटो आणि लिंका शाळेच्या वेळेत मागू नयेत, असं अधिकाऱ्यांना मनापासून सांगणं आहे. मदत करू इच्छिणाऱ्या आयटीतल्या मंडळींनो, यंत्र देण्याऐवजी महिन्यातला एक शनिवार द्या. शाळेतले बंद पडलेले संगणक दुरुस्त करा, बाईंना हवा तो पाठ शोधून द्या, आणि त्यांचं म्हणणं ऐका. आपल्याला काय दाखवायचं आहे हे बाजूला ठेवा, त्यांना काय अडतंय ते विचारा.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. सरकारी आणि महापालिकेच्या शाळांत शाळा विकास आराखडा हीच समिती करते. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. तुम्ही त्यात असाल तर येत्या सभेत हा विषय मांडा आणि कुठलंही यंत्र घेण्याचा ठराव करताना त्याच ठरावात चार गोष्टी लिहून घ्या: कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठासाठी ते लागणार, ते बघून झाल्यावर मुलं काय करणार, बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कोण देणार आणि शिक्षकांना ते शिकून घ्यायला कोणता वेळ मिळणार. चौथी गोष्ट सांगता आली नाही तर वस्तू नाकारण्याचा आग्रह सभेत धरा.